वाचनालयातला जुना संगणक आणि बूट न होणारी डीव्हीडी

आंबाघाट | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात देणगीत आलेला एक जुनाट डेस्कटॉप आहे. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, १६० जीबी हार्ड डिस्क, त्यावर विंडोज एक्सपी. एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झाले, पण आमच्याकडे तो अजून रोज सकाळी दिवा लावल्यासारखा सुरू होतो. पुस्तकांची यादी त्यातच आहे. मात्र ब्राउझरमध्ये आता कुठलीच साइट धड उघडत नाही, म्हणून लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकायचं ठरवलं.

अडचण अशी की बायोसला (संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) पासवर्ड आहे आणि ज्याने तो घातला तो माणूस धंदा बंद करून गेला. पेन ड्राइव्ह लावून पाहिला, ढिम्म. एफ १२, एफ १०, एफ ११, एस्केप, सगळी बटणं बडवून झाली. पण सुरू होताना 'बूट फ्रॉम सीडी' ही ओळ येते, म्हणजे बूटच्या (सुरू होण्याच्या) क्रमात सीडी पहिली असावी. तेव्हा डीव्हीडी हाच मार्ग.

मी पुण्यात असतो, गावी पंधरा दिवसांनी जातो. एका मित्राकडून यूएसबीचा डीव्हीडी रायटर आणला, चार दुकानं फिरून कोरी डीव्हीडी मिळवली, मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवून तिच्यावर टाकली आणि आज गावी घेऊन आलो. 'बूट फ्रॉम सीडी' आलं, दोन सेकंद थांबलं, आणि नेहमीसारखा एक्सपी. आत जाऊन बघितलं तर डीव्हीडीत २.८ जीबीची फाइल व्यवस्थित दिसतेय. डीव्हीडी खराब निघाली का?


निळी_शाई | शनिवार, रात्री १०:०५

फाइल दिसतेय, एकच दिसतेय, आणि तिच्या शेवटी आयएसओ असं लिहिलंय. बरोबर ना? मग डीव्हीडी उत्तम आहे. तुम्ही फणस न कापताच ताटात वाढलात.


आंबाघाट | शनिवार, रात्री १०:११

हो, एकच. ओढून टाकली आणि 'बर्न' म्हटलं. चुकलं का?


रिकामटेकडा_४२ | शनिवार, रात्री १०:२०

चुकलं. पण लाजू नका, या चुकीत मी २००७ साली सात सीडी घालवल्या होत्या. तेव्हा एक कोरी सीडी दहा रुपयांना यायची आणि वडील हिशेब विचारायचे.


तबकडीवाला | शनिवार, रात्री ११:३४

जरा सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही.

आयएसओ ही साधी फाइल नाही. पूर्ण तबकडीची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत घेतलेली नक्कल आहे ती. डेटा सीडी-डीव्हीडीचा एक सेक्टर २०४८ बाइटचा. आयएसओ ९६६० या मानकानुसार पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, रिकामे सोडलेले असतात. मोजणी शून्यापासून, त्यामुळे ते ० ते १५. सोळाव्या सेक्टरमध्ये तबकडीची ओळख: नाव काय, आकार किती, फोल्डरची यादी कुठे. आणि बूट होणारी तबकडी असेल तर सतराव्या सेक्टरमध्ये बूट रेकॉर्ड. तिथे 'एल टोरिटो' हे नाव लिहिलेलं असतं आणि बूट करायचा कोड कुठल्या सेक्टरवर आहे याची यादी कुठे सापडेल तो पत्ता असतो. बायोस सीडी चाचपतो म्हणजे नेमका हा सतरावा सेक्टर वाचतो. नाव सापडलं तर पुढच्या पत्त्यावर उडी, नाही तर हार्ड डिस्क.

तुम्ही फाइल ओढून टाकलीत तेव्हा विंडोजने स्वतःची नवी तबकडी मांडली. तिच्या सतराव्या सेक्टरात बूट रेकॉर्ड नाही. मिंटचा सतरावा सेक्टर त्या २.८ जीबीच्या पोटात आहे, पण बायोस काही फाइल उघडून आत डोकावत नाही. तुमचे ते दोन सेकंद म्हणजे बायोसने दार ठोठावलं आणि घरात कुणी नव्हतं.

एल टोरिटो हे मानक फिनिक्स आणि आयबीएमने १९९५ मध्ये आणलं. कॅलिफोर्नियातल्या ज्या मेक्सिकन हॉटेलात इंजिनियर मंडळी जेवायला बसायची त्याचंच नाव दिलं असं सांगतात. आपल्याकडे झालं असतं तर मानकाचं नाव 'अमृततुल्य' पडलं असतं.

आता ते १६ रिकामे सेक्टर. त्यांचा उपयोग पुढे हुशार लोकांनी केला. पेन ड्राइव्हवरून सुरू होताना जुना बायोस सतरावा सेक्टर बघत नाही, तो अगदी पहिले ५१२ बाइट बघतो, हार्ड डिस्कसारखे. लिनक्सवाल्यांनी त्या रिकाम्या जागेत हार्ड डिस्कचा बूट कोड बसवला. याला आयएसओहायब्रिड म्हणतात. म्हणून आजची मिंटची एकच फाइल तबकडीवर लिहिली तरी चालते आणि पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तरी चालते. विंडोजच्या आयएसओत ही सोय नसते, म्हणून तिच्यासाठी रुफससारखं पेन ड्राइव्ह बनवायचं साधन लागतं.


सातारी_तर्री | रविवार, सकाळी ७:१५

तबकडीवाले, लय भारी. वाचनखूण साठवली.

आंबाघाट, एवढा उपद्व्याप कशाला? कॅबिनेट उघडा, मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी (सीआर२०३२) पाच-दहा मिनिटं काढून ठेवा, पासवर्ड गेला. मग बायोसात जाऊन यूएसबी पहिला करा. जुन्या बायोसात एक गंमत आहे: बूट क्रमात यूएसबी-एफडीडी, यूएसबी-झिप, यूएसबी-एचडीडी असे तीन-चार पर्याय दिसतात आणि त्यातला एकही लागू पडत नाही. पेन ड्राइव्ह आधी खोचून संगणक सुरू केला तर तो 'हार्ड डिस्क बूट प्रायॉरिटी' या वेगळ्याच यादीत सापडतो. तिथे वर न्यायचा.


आंबाघाट | रविवार, सकाळी ८:०२

बॅटरीचं मीही काल सुचवलं. ग्रंथपाल काका म्हणाले, देणगीची वस्तू आहे, समितीच्या ठरावाशिवाय खोलायची नाही. समितीची बैठक दिवाळीनंतर झाली, आता पुढची गुढीपाडव्याला. काका मला लहानपणापासून ओळखतात, मी त्यांच्यासमोर स्क्रूड्रायव्हर काढूच शकत नाही.


झुळूक | रविवार, सकाळी ८:४०

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.


निळी_शाई | रविवार, सकाळी ९:३०

तर मग नीट बर्न करूया.

आधी फाइल तपासा. मिंटच्या साइटवर एसएचए-२५६ ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून काढलेली खूण) दिलेली असते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, हायफन हॅशफाइल, फाइलचं नाव आणि शेवटी एसएचए२५६ (अर्थात इंग्रजीत टाइप करून). जे ६४ अक्षरांचं शेपूट येईल ते साइटवरच्याशी जुळलं पाहिजे. सगळं वाचत बसू नका, पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळली तरी अर्धवट उतरलेली फाइल पकडायला पुरे. पंधरा दिवसांनी एक संधी असलेल्या माणसाने ही पायरी टाळू नये.

मग आयएसओवर राइट क्लिक, विंडोज ११ असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स', आणि 'बर्न डिस्क इमेज'. डबल क्लिक करू नका, त्याने ती फाइल फक्त एका काल्पनिक ड्राइव्हसारखी उघडते. बर्नच्या खिडकीत 'व्हेरिफाय' ची खूण करा. झाल्यावर तबकडी उघडून बघा: एक फाइल न दिसता बूट, कॅस्पर अशी फोल्डरं दिसली की जमलं.


रिकामटेकडा_४२ | रविवार, सकाळी १०:१२

विंडोजच्या त्या खिडकीत वेग निवडता येत नाही. इमगबर्न हा तबकडी लिहायचा प्रोग्राम घ्या आणि सगळ्यात कमी वेगाला लिहा. जुने ड्राइव्ह घाईघाईत लिहिलेली डीव्हीडी वाचत नाहीत.


तबकडीवाला | रविवार, सकाळी १०:५०

कमी वेगाशी सहमत, सगळ्यात कमीशी नाही. १६एक्सच्या डीव्हीडीचा रंगथर त्या वेगाच्या आसपास लिहिण्यासाठी बनवलेला असतो, अगदी रांगत लिहिलं की चांगलंच येतं असं नाही. मी ८एक्सवर लिहितो. आणि डीव्हीडी-आर घ्या, पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको. तिचा परावर्तित प्रकाश मंद असतो, म्हाताऱ्या लेन्सला दिसत नाही.

मिंट घेतलंत हे बरं केलंत. उबुंटू २४.०४ ची आयएसओ साडेपाच जीबीच्या वर आहे, साध्या डीव्हीडीत मावतच नाही. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं ते दशमान हिशेबाने, विंडोजला ते ४.३८ दिसतं. हा प्रश्न इथे दर वर्षी येतो म्हणून आधीच सांगून ठेवतो.


वैतागलेली_वैदेही | रविवार, दुपारी १२:२५

इथेच विचारते, राग नसावा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट संपले, म्हणून बहिणीच्या लॅपटॉपवर विंडोज ११ नव्याने टाकतेय. प्रोसेसर अकराव्या पिढीचा. पेन ड्राइव्ह फॅट३२ (फाइली मांडायची जुनी पद्धत) करून आयएसओतल्या फाइली त्यावर टाकायला गेले तर 'फाइल फार मोठी आहे'. मग रुफस वापरलं, बूट झालं, पण इन्स्टॉलर म्हणतो एकही डिस्क नाही! ५१२ जीबीची एसएसडी गेली कुठे?


सातारी_तर्री | रविवार, दुपारी १२:४८

ताई, खरं तर वेगळा धागा काढा. पण उत्तर देतो.

फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि विंडोजची इन्स्टॉल डॉट विम बहुतेक वेळा त्याच्या वर असते. रुफस पेन ड्राइव्ह एनटीएफएस (मोठ्या फाइली मावणारी पद्धत) करून ते निभावून नेतं. एसएसडी कुठे गेलेली नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी (एसएसडी हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा, झिप सोडवून फोल्डर त्याच पेन ड्राइव्हवर ठेवा आणि त्या रिकाम्या यादीच्या पानावर 'लोड ड्रायव्हर'. डिस्क दिसेल.


निळी_शाई | रविवार, दुपारी १:०२

आणि जुन्या डिस्कवरचं काही हवं असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून कागदावर उतरवून ठेवा. कागदावर म्हणजे कागदावर. त्याच लॅपटॉपमधल्या नोटपॅडमध्ये लिहून ठेवणारे लोक मी पाहिलेत.


वैतागलेली_वैदेही | रविवार, दुपारी ४:३०

दिसली डिस्क! दोघांनाही दंडवत. वैताग सध्या स्थगित.


संत्र्याची_फोड | रविवार, रात्री ८:१०

अवांतर: डीव्हीडीच्या गोष्टी वाचून नागपूरचे कॉलेजचे दिवस आठवले ना बाप्पा. २००५ ते २०११ उबुंटूवाले शिपइट नावाच्या योजनेत सीडी फुकट घरी पाठवायचे. फॉर्म भरायचा आणि विसरून जायचं. काही आठवड्यांनी परदेशी तिकिटाचं पाकीट घेऊन पोस्टमन काका दारात. माझ्या आजीला वाटलं नातवाला विलायतेत नोकरी लागली. तिने त्यांना चहा पाजला, संत्री दिली.


रिकामटेकडा_४२ | रविवार, रात्री ८:३६

आणि पीसीक्वेस्ट, डिजिटसोबत येणाऱ्या सीडी! डायल-अपवर ७०० एमबी उतरवायची कुणाची टाप होती? पुण्यात तपकीर गल्लीत पन्नास कोऱ्या सीडींचा खोका घेतला की आपण कारखानदार झाल्यासारखं वाटायचं.


आंबाघाट | शनिवार (दोन आठवड्यांनी), सायंकाळी ६:४०

अर्धं यश. बेरीज जुळली, इमगबर्नने ८एक्सवर डीव्हीडी-आर लिहिली, व्हेरिफाय झालं, पुण्यात स्वतःच्या लॅपटॉपवर तिच्यावरून मिंट सुरूही करून पाहिलं. आज इथे लावली. एक्सपीच्या आधी मिंटची यादी आली! काकांनी चष्मा पुसला. एंटर दाबलं, हिरवा लोगो आला, ड्राइव्ह घरघरला, आणि पडद्यावर ओळींचा पाऊस: 'स्क्वॅशएफएस एरर, अनेबल टू रीड' (मिंटची दाबून भरलेली फाइल वाचता येत नाही). तीनदा केलं. तिन्ही वेळा वेगवेगळ्या जागी अडकलं.


तबकडीवाला | शनिवार, सायंकाळी ७:०५

वेगवेगळ्या जागी अडकलं हे महत्त्वाचं. डीव्हीडीवर ओरखडा असता तर साधारण एकाच जागी अडकलं असतं. म्हणजे एक तर रॅम, नाही तर वाचणारा ड्राइव्ह. मिंटच्या पहिल्या यादीत मेमरी टेस्ट असेल, ती रात्रभर लावून ठेवा. तो प्रोग्राम छोटा आहे, तेवढा वाचला जाईल. आणि एक करा: वाचनालयात एखादी जुनी सीडी असेलच, व्याख्यानाची, भजनाची, काहीही. ती वाचते का बघा. सीडी हं, डीव्हीडी नाही.


आंबाघाट | रविवार, सकाळी ९:२०

रात्रभर चाचणी चालली, एकही चूक नाही. रॅम सुटली. आणि कपाटातल्या तीन सीडी लावल्या. तिन्ही झकास वाचल्या! एका पुस्तकाबरोबर आलेली डीव्हीडी मात्र अडखळते. हे असं कसं? ड्राइव्ह तर एकच आहे.


तबकडीवाला | रविवार, सकाळी ९:४८

ड्राइव्ह एक, लेसर दोन. सीडी ७८० नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाने वाचतात, डीव्हीडी ६५० नॅनोमीटरच्या लाल किरणाने. खोका आणि मोटर एक असली तरी डायोड वेगळे, आणि ते वेगवेगळे म्हातारे होतात. तुमच्याकडे लाल दमला आहे, अवरक्त अजून शाबूत आहे. सुरुवातीची यादी थोडक्या सेक्टरांतून येते, ती कशीबशी वाचली. पुढे दोन-अडीच जीबीचा गठ्ठा सलग वाचायची वेळ आली आणि धाप लागली.

लेन्स साफ करून बघता आली असती, पण खोलायचं नाही म्हणता. मग उलटं करू. डीव्हीडी सोडा, सीडी धरा.

प्लॉप बूट मॅनेजर नावाचा एक इवलासा प्रोग्राम आहे, त्याची आयएसओ एक एमबीसुद्धा नाही. ती ७०० एमबीच्या सीडीवर इमेज म्हणून लिहा. बायोस सीडीवरून प्लॉप सुरू करेल. प्लॉपकडे यूएसबीचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत, बायोसला पेन ड्राइव्ह ओळखता येत नसला तरी याला येतो. यादीत यूएसबी निवडायचं, पुढचं सगळं पेन ड्राइव्हवरून. बायोसचा पासवर्ड जागच्या जागी राहतो, समितीचा ठरावही.

पेन ड्राइव्ह मात्र नीट बनवा. तुम्ही पहिल्यांदा कसा बनवला होता?


आंबाघाट | रविवार, सकाळी १०:०३

रुफसमध्ये जीपीटी (डिस्क मांडायची नवी पद्धत) आणि यूईएफआय (बायोसची नवी पिढी) निवडून. एका व्हिडिओत तेच 'नवीन आणि चांगलं' असं सांगितलं होतं.


तबकडीवाला | रविवार, सकाळी १०:१५

नव्या लॅपटॉपसाठी बरोबर आहे. या संगणकात यूईएफआय नाही, त्याला एमबीआर (डिस्क मांडायची जुनी पद्धत) लागतं. रुफसमध्ये एमबीआर निवडा आणि लिहिताना विचारेल तेव्हा 'डीडी इमेज' म्हणा, किंवा सरळ एचर या प्रोग्रामने लिहा. आयएसओहायब्रिड जशीच्या तशी उतरली पाहिजे. पेन ड्राइव्ह संगणकाच्या मागच्या खाचेत लावा. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या खाचा म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.


सातारी_तर्री | रविवार, सकाळी १०:३०

आणि इन्स्टॉल करायच्या आधी मिंट लाइव्ह (पेन ड्राइव्हवरूनच) चालवून पुस्तकांची यादी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या. 'इरेज डिस्क' च्या गोल बटणाने मी एका चुलत्याचे लग्नाचे फोटो घालवलेत. तो अजून बोलत नाही.


निळी_शाई | रविवार, सकाळी ११:१०

यादी कशात टाइप केलीय? जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात असेल तर मिंटमध्ये उघडल्यावर अगम्य इंग्रजी अक्षरं दिसतील. घाबरू नका, माहिती शाबूत असते, फक्त रूपांतर करावं लागतं.


आंबाघाट | रविवार, सकाळी ११:२५

तसंच आहे. टायपिंगचं सॉफ्टवेअर मागे खोचलेल्या डोंगलवर चालतं, एक्सपीशिवाय कुठेच नाही. म्हणून एक्सपी ठेवूनच शेजारी मिंट टाकेन म्हणतो. एक्सपीला इंटरनेट बंद.


तबकडीवाला | रविवार, सकाळी ११:४०

उत्तम. जागा वाटून घेण्याआधी एक्सपीत जाऊन डीफ्रॅगमेंट करा आणि तो रीतसर बंद करा, हायबरनेट नको. मिंटचा इन्स्टॉलर 'अलॉंगसाइड' असा पर्याय देईल. ग्रबची (सुरू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) यादी आपोआप येते, त्यात एक्सपीही दिसेल. आणि २ जीबी रॅम ही मिंटची किमान अट आहे हे काकांना आधीच सांगा. ब्राउझरमध्ये दोन टॅब ठीक, दहा नाही.


आंबाघाट | शनिवार (आणखी दोन आठवड्यांनी), रात्री ८:५५

झालं!!

सीडी तपकीर गल्लीत मिळाली नाही. आमच्या सोसायटीखालच्या स्टेशनरीवाल्याकडे वह्यांच्या मागे धूळ खात होती. प्लॉप पहिल्या फटक्यात आलं, निळ्या पडद्यावर तारे उडत होते. यूएसबी निवडलं आणि पाचेक मिनिटं काळा पडदा. मी बंद करणार तेवढ्यात काका म्हणाले, थांब, ग्रंथालयात घाई चालत नाही. आणि लोगो आला.


तबकडीवाला | शनिवार, रात्री ९:१०

अभिनंदन! ती पाच मिनिटं प्लॉप संथपणे कर्नल (मिंटचा गाभा) वाचत होतं. एकदा कर्नल उठला की तो यूएसबी स्वतः चालवतो, म्हणून पुढे वेग येतो.


आंबाघाट | शनिवार, रात्री ९:३२

अगदी तसंच झालं. आधी यादी दोन पेन ड्राइव्हवर घेतली, मग इन्स्टॉल. पाऊण तास लागला. सुरू करताना मिंट की एक्सपी असं विचारतंय. आयबसमध्ये (टायपिंगच्या सोयीत) मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घालून दिला, काकांनी स्वतःचं नाव टाइप केलं आणि मग समितीच्या सर्व सदस्यांचं. ब्राउझर दोन टॅबांत ठीक चालतोय. तबकडीवाले, पुण्यात आलात तर चहा माझ्याकडून.


झुळूक | शनिवार, रात्री ९:४०

माझे पॉपकॉर्न सार्थकी लागले. पण त्या दोन डीव्हीडी आणि प्लॉपच्या सीडीचं काय केलंत?


आंबाघाट | रविवार, सकाळी ८:२०

सीडी काकांनी ठेवून घेतली, पुन्हा लागेल म्हणून. आज सकाळी दाखल नोंदवही काढली आणि शाईच्या पेनाने नोंद केली: 'तबकडी, संगणक सुरू करण्याची, १ नग, देणगी.' दाखल क्रमांकाचं लेबलही चिकटवायला निघाले होते. सीडीवर नको, पाकिटावर लावा म्हणून कसंबसं थांबवलं. डीव्हीडी दोन्ही मागच्या आंब्यावर टांगल्यात, माकडं येतात फार.